हार्डवेअर दोषशोधन अॅडॉप्टरसाठी ड्रायव्हर इंटरफेसची रचना : सीमारेषा कोठे आखावी?

प्रस्तावना

सूक्ष्मनियंत्रकासाठी लिहिलेला प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे चालत नसेल, तर त्या चिपच्या आत नेमके काय घडत आहे हे पाहण्याची सोय असावी लागते. पडदा नाही, कळफलक नाही, अशा या छोट्या यंत्रात डोकावण्यासाठी चिपवर काही विशिष्ट पिना राखून ठेवलेल्या असतात. संगणकाला या पिनांशी थेट बोलता येत नाही. म्हणून दोहोंच्या मध्ये एक लहानसे साधन जोडावे लागते. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला चार-पाच तारा, असे त्याचे सर्वसाधारण रूप. यालाच हार्डवेअर दोषशोधन अॅडॉप्टर म्हणतात. विद्युत, संगणक व उपकरणीकरण या शाखांच्या प्रयोगशाळांत ही साधने आता सर्रास दिसतात. काहींची किंमत पाठ्यपुस्तकाएवढी असते, तर काहींची संपूर्ण प्रयोगसंचाहून अधिक.

हे अॅडॉप्टर एकमेकांपासून फार भिन्न आहेत. दोषशोधनाचे सॉफ्टवेअर मात्र एकच असावे आणि कोणताही अॅडॉप्टर जोडला तरी ते चालावे, अशी स्वाभाविक अपेक्षा असते. ती पूर्ण करण्यासाठी सॉफ्टवेअरचा वरचा, सर्वसाधारण भाग आणि प्रत्येक अॅडॉप्टरसाठी लिहिलेला खालचा, विशिष्ट भाग यांच्यात एक करार ठरवावा लागतो. वरच्याने काय मागावे आणि खालच्याने काय द्यावे, याचा हा करार म्हणजे ड्रायव्हर इंटरफेस. करार फार खालच्या पातळीवर केला तर काम असह्य संथ होते, आणि फार वरच्या पातळीवर केला तर दोष झाकले जातात. ही सीमारेषा कोठे आखावी, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी ओपनओसीडी या मुक्त सॉफ्टवेअरचे उदाहरण घेतले आहे. हे सॉफ्टवेअर जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील उपयोजित विज्ञान विद्यापीठात डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याच्या 2005 सालच्या पदविका प्रबंधातून जन्मास आले. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाने जगभरच्या प्रयोगशाळांत इतकी वर्षे टिकून राहावे, हे अध्यापकांनी मुद्दाम ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यातील ड्रायव्हर इंटरफेस वेळोवेळी बदलत गेला आणि त्या प्रत्येक बदलामागे एखादी ठोस अडचण होती. म्हणूनच अभ्यासासाठी हे उदाहरण सोयीचे ठरते.

चार तारा आणि सोळा अवस्था

जेटॅग हे नाव मुळात एका गटाचे. 1985 साली स्थापन झालेल्या या गटापुढचा प्रश्न दोषशोधनाचा नव्हताच. मुद्रित मंडलावरील जोड नीट झाले आहेत की नाहीत हे तपासण्याचा होता. 1990 साली या गटाच्या कामाला आयईईई 1149.1 हे मानक म्हणून मान्यता मिळाली. पुढे चिप बनविणाऱ्यांनी त्याच तारांवरून प्रोसेसर थांबविणे, स्मृती वाचणे अशी कामेही करवून घेण्यास प्रारंभ केला.

या मानकात चार तारा अनिवार्य आहेत. टीसीके ही तार ठोका देते, टीडीआय वरून चिपमध्ये बिट जातात, टीडीओ वरून ते बाहेर येतात आणि टीएमएस ही तार चिपच्या आतील सोळा अवस्थांच्या एका अवस्थायंत्राला दिशा दाखविते. प्रत्येक ठोक्याला टीएमएसचे मूल्य 0 आहे की 1, यावरून पुढची अवस्था ठरते. ‘सूचना आत सरकवा’ ही एक अवस्था, ‘विदा आत सरकवा’ ही दुसरी. उरलेल्या अवस्था बहुतांशी या दोहोंपर्यंत पोहोचण्याच्या व तेथून परतण्याच्या वाटा आहेत.

एआरएम कंपनीच्या कॉर्टेक्स कुळातील चिपचे उदाहरण घेऊ. तिच्या दोषशोधन रजिस्टराशी व्यवहार करण्यासाठी आधी 4 बिटांची सूचना द्यावी लागते आणि नंतर 35 बिटांची विदा. स्वस्थ अवस्थेतून निघून, सूचना सरकवून परत येण्यास 10 ठोके लागतात. विदेसाठी 40 ठोके. म्हणजे एका व्यवहाराला एकूण 50 ठोके. टीसीकेचा वेग 1 मेगाहर्ट्झ असेल तर हे सारे 50 मायक्रोसेकंदांत आटोपते. हा आकडा पुढील विवेचनाचा पाया आहे.

पिनांची भाषा आणि तिची किंमत

इंटरफेसची सर्वांत सोपी कल्पना अशी : ड्रायव्हरने केवळ दोन कामे करावीत, तारांवर मूल्ये लिहिणे आणि टीडीओ वाचणे. उरलेले सर्व वरच्या भागाने पाहावे. संगणकाला समांतर पोर्ट असण्याच्या काळात हे अगदी नैसर्गिक होते. त्या काळातील ‘विगलर’ प्रकारचे अॅडॉप्टर म्हणजे पोर्टला जोडलेली एक बफर चिप व काही रोध, एवढेच. पोर्टवर एकदा लिहिण्यास सुमारे एक मायक्रोसेकंद लागे. एका ठोक्यासाठी दोनदा लिहिणे आणि एकदा वाचणे, या हिशेबाने वरील 50 ठोक्यांना दीडशे मायक्रोसेकंद. वेग तिपटीने घटला, पण काम अडले नाही.

समांतर पोर्ट संगणकावरून नाहीसा झाला आणि यूएसबी आली, तेव्हा हा हिशेब कोलमडला. यूएसबीचा एकूण प्रवाह समांतर पोर्टपेक्षा मोठा आहे, परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत येण्यास लागणारा विलंबही मोठा आहे. फुल-स्पीड यूएसबीमध्ये व्यवहार 1 मिलिसेकंदाच्या चौकटींत बसविले जातात. प्रत्येक बिट वाचण्यासाठी एक फेरी असे धरले, तर 35 बिटांना 35 मिलिसेकंद लागतील. 64 किलोबाइट स्मृती वाचायची म्हणजे 32 बिटांचे 16,384 शब्द. पत्ता आपोआप पुढे सरकण्याची सोय वापरल्यास (तो अधूनमधून पुन्हा द्यावा लागतो, तो किरकोळ खर्च सोडून देऊ) प्रत्येक शब्दाला विदेची एक फेरी पुरते. तारेवर प्रत्यक्ष लागणारा वेळ 1 मेगाहर्ट्झला पाऊण सेकंदाच्याही आत आहे. बिटागणिक फेरी मारणाऱ्या ड्रायव्हरला मात्र 5,73,440 मिलिसेकंद, म्हणजे साडेनऊ मिनिटे लागतील. तीच चिप, त्याच तारा, तोच वेग. किराणा आणताना एकेका जिन्नसासाठी दुकानाच्या वेगळ्या फेऱ्या मारणाऱ्या माणसासारखी ही अवस्था आहे. दुकानात वजन करायला वेळ लागत नाही, वेळ सगळा रस्त्यात जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक प्रयोगशाळांत अॅडॉप्टर संथ वाटला की टीसीकेचा वेग वाढविला जातो. वरील उदाहरणात तो दहापट वाढवूनही साडेनऊ मिनिटांतून एक सेकंदसुद्धा कमी होणार नाही.

रांगेची योजना

ओपनओसीडीने यावर काढलेला तोडगा म्हणजे आज्ञांची रांग. वरचा भाग ‘इतके बिट सूचना म्हणून सरकवा’, ‘इतके बिट विदा म्हणून सरकवा’, ‘इतके ठोके स्वस्थ राहा’ अशा आज्ञा एकामागोमाग नोंदवीत जातो. नोंदविताना काहीही घडत नाही. शेवटी ‘रांग पार पाडा’ असे सांगितले की ड्रायव्हर ती सर्व यादी हाती घेतो, अॅडॉप्टरला कळेल अशा रूपात तिचे भाषांतर करतो, मोठ्या गठ्ठ्यांनी पाठवितो आणि आलेली उत्तरे ज्याच्या त्याच्या जागी ठेवतो.

या योजनेत सीमारेषा पिनांवरून उचलून ‘सरकविणे’ या क्रियेपर्यंत वर नेली आहे. ही पातळी विचारपूर्वक निवडलेली दिसते. ड्रायव्हरला ‘कोठे जायचे आहे’ हे सांगितले जाते, ‘प्रत्येक ठोक्याला टीएमएस किती’ हे नाही. त्यामुळे ज्या अॅडॉप्टरमध्ये बिट सरकविण्याचे स्वतंत्र यंत्र आहे त्याला ते वापरता येते. ज्यात नाही, त्याचा ड्रायव्हर पिनांची भाषा बोलत राहतो. अशा साध्या अॅडॉप्टरांसाठी ओपनओसीडीत ‘बिटबँग’ नावाचा एक सामाईक थर आहे. तो रांगेचे पिनांच्या मूल्यांत रूपांतर करतो, आणि नव्या ड्रायव्हरने लिहिणे-वाचणे अशी काही मोजकीच कार्ये पुरविली की भागते. रास्पबेरी पायच्या पिनांनाच अॅडॉप्टर बनविणारा ड्रायव्हर याच थरावर उभा आहे. तेथे संगणक आणि पिना यांच्यामध्ये यूएसबी नसल्याने पिनांची भाषा पुन्हा परवडते.

रांगेची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती दोन ठिकाणी.

पहिली किंमत : पुढची कृती आधीच्या उत्तरावर अवलंबून असेल तर रांग तोडावीच लागते. फ्लॅश स्मृतीत लिहिताना ‘काम संपले का?’ असे पुन्हा पुन्हा विचारावे लागते, आणि प्रत्येक विचारणा म्हणजे यूएसबीची एक पूर्ण फेरी. म्हणूनच ओपनओसीडी बहुतेक चिपांच्या बाबतीत एक छोटासा प्रोग्राम चिपच्याच कार्यस्मृतीत भरते, आणि विचारणा करण्याचे काम त्या प्रोग्रामकडे सोपविते. विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच चिपवर आले की विलंब उरत नाही.

दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. रांगेत दोनशे आज्ञा आहेत आणि त्यांतील सदतिसावी फसली, तर ते केव्हा कळणार? रांग पार पाडल्यावर. ओपनओसीडीच्या जेटॅग थरात चूक नोंदवून ठेवली जाते आणि रांगेच्या शेवटी वर कळविली जाते. तोपर्यंत पुढील आज्ञाही गेलेल्या असतात. चूक एका कार्यात घडते आणि तिचा निरोप भलत्याच कार्याला मिळतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नवख्या विद्यार्थ्याला अशा वेळी आपला प्रोग्रामच चुकला असे वाटते आणि सैल तारेकडे त्याचे लक्ष जातच नाही. रांगेवर आधारलेला इंटरफेस रचणाऱ्याने ‘चूक झाली’ एवढेच न सांगता ‘कितव्या आज्ञेपर्यंत सर्व ठीक होते’ हेही सांगण्याची सोय करणे अगत्याचे आहे. एआरएमने प्रसिद्ध केलेल्या सीएमएसआयएस-डॅप या अॅडॉप्टर-संकेतात ही काळजी घेतलेली आढळते. तेथे व्यवहारांचा गठ्ठा पाठविला की उत्तरात किती व्यवहार पार पडले आणि शेवटच्या व्यवहारास चिपने कोणती पोच दिली, हे दोन्ही येते.

ही पोच म्हणजे काय, हेही थोडक्यात पाहावयास हवे. एआरएमच्या एसडब्ल्यूडी या दोन तारांच्या पद्धतीत चिप प्रत्येक व्यवहाराला तीन बिटांत उत्तर देते : ठीक, थांबा, किंवा दोष. ‘थांबा’ असे आले तर तोच व्यवहार पुन्हा करायचा असतो. हा पुनर्प्रयत्न कोणी करावा? संगणकाने केला तर दर वेळी एक फेरी वाया जाते. सीएमएसआयएस-डॅपमध्ये किती वेळा पुन्हा प्रयत्न करावा हे संगणक एकदाच सांगून ठेवतो आणि अॅडॉप्टर ते स्वतः पाळतो. निर्णय वर, अंमलबजावणी खाली, अशी ही विभागणी आहे.

जे ड्रायव्हरलाच ठाऊक असावे

एफटीडीआय कंपनीच्या एफटी2232 या चिपवर आधारलेले अॅडॉप्टर बरेच प्रचलित आहेत. या चिपमध्ये बिट सरकविण्याचे यंत्र असल्यामुळे रांगेच्या योजनेला ती चपखल बसते. पण तिची एक खोड आहे. संगणकाकडे पाठवायची विदा पूर्ण गठ्ठ्याएवढी नसेल, तर ती एक ठरावीक काळ वाट पाहत बसते. मूळ मांडणीनुसार हा काळ 16 मिलिसेकंद असतो. दोन-चार बाइटांचे उत्तर हवे असताना सोळा मिलिसेकंद थांबणे म्हणजे रांगेने कमावलेले सारे गमावणे. उपाय सोपा आहे : आज्ञांच्या शेवटी ‘असेल ते आत्ताच पाठवा’ या अर्थाची एका बाइटाची आज्ञा जोडायची. ही गोष्ट वरच्या भागाला ठाऊक असण्याचे कारण नाही आणि ठाऊक असूही नये. रांग कोठे संपते हे इंटरफेसने ड्रायव्हरला स्पष्ट सांगितले, म्हणूनच ड्रायव्हर ती आज्ञा योग्य जागी जोडू शकतो. ‘एक आज्ञा, एक कार्य’ अशा रचनेत ही माहिती त्याला मिळालीच नसती.

याच चिपच्या संदर्भात ओपनओसीडीत एक मोठी चूक झाली आणि पुढे ती सुधारण्यात आली. चिप तीच असली तरी निरनिराळ्या उत्पादकांनी रीसेटच्या तारा, दिवे आणि बफर निरनिराळ्या पिनांना जोडले होते. जुन्या ड्रायव्हरमध्ये अशा प्रत्येक मांडणीसाठी सी भाषेतील स्वतंत्र कार्य लिहिलेले असे. बाजारात नवे मंडल आले की ड्रायव्हरमध्ये भर घाला, संपूर्ण सॉफ्टवेअर पुन्हा संकलित करा आणि नवी आवृत्ती निघण्याची वाट पाहा, असा प्रकार होता. नंतर लिहिलेल्या ड्रायव्हरने ही मांडणी प्रोग्राममधून काढून मजकुराच्या एका साध्या फाइलीत आणली. कोणता संकेत कोणत्या बिटावर आहे, त्याची दिशा कोणता बिट ठरवितो, तो उलटा आहे का, एवढे त्या फाइलीत लिहिले की पुरते. जे मंडलागणिक बदलते ते विदा, जे चिपच्या स्वभावातून येते ते प्रोग्राम, ही विभागणी आधीच सुचायला हवी होती असे आता वाटते. परंतु पहिली दोन-तीन मंडले समोर असताना ती सुचत नाही. स्वतः अॅडॉप्टर बनविणाऱ्या एखाद्या महाविद्यालयीन गटाला या बदलामुळे सी भाषेची एक ओळही न लिहिता आपले मंडल वापरता येते.

वेगाचा प्रश्न लहान आहे, पण तोही याच प्रकारात मोडतो. वापरकर्ता वेग किलोहर्ट्झमध्ये मागतो, तर अॅडॉप्टर भाजकाच्या भाषेत समजतो. एफटी2232एच या पुढील चिपमध्ये 30 मेगाहर्ट्झला पूर्णांकाने भागून वेग मिळतो. 7 मेगाहर्ट्झ मागितले तर 7.5 किंवा 6 यांपैकीच एक मिळणार. ड्रायव्हरने 6 निवडला पाहिजे, कारण मागितलेला वेग ही कमाल मर्यादा असते. एआरएम7टीडीएमआय-एस सारख्या गाभ्यात टीसीकेचा वेग प्रोसेसरच्या वेगाच्या एकषष्ठांशाहून अधिक चालत नाही; मर्यादा ओलांडली तर संपर्क तुटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे मधूनमधून चुकीची विदा येते. म्हणून इंटरफेसमध्ये वेग मागण्याच्या कार्याबरोबरच प्रत्यक्ष मिळालेला वेग परत सांगणारे कार्यही असावे लागते, आणि ओपनओसीडीत ते आहे.

सीमारेषा फार वर गेली तर

एसटी कंपनी आपल्या प्रयोगमंडलांबरोबर एसटी-लिंक नावाचा अॅडॉप्टर देते. स्वस्त आणि सहज मिळणारा असल्याने विद्यार्थ्यांच्या हाती अनेकदा तोच पहिला अॅडॉप्टर येतो. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांना ‘इतके बिट सरकवा’ ही भाषा येत नव्हती. ‘प्रोसेसर थांबवा’, ‘एक पाऊल चालवा’, ‘अमुक पत्त्यावरील स्मृती वाचा’ अशा वरच्या पातळीवरील आज्ञाच तो घेत असे. ओपनओसीडीला त्याच्यासाठी नेहमीच्या रांगेला वळसा घालणारा एक वेगळाच मार्ग बांधावा लागला.

वरवर पाहता हे आदर्श वाटते. फेऱ्या कमी, वेग चांगला, ड्रायव्हर सुटसुटीत. अडचण तेव्हा येते, जेव्हा अॅडॉप्टरमधील प्रोग्राम लिहिणाऱ्याने कल्पिले नव्हते असे काही करायचे असते. एकाच चिपमध्ये दोन गाभे असतील तर ‘प्रोसेसर थांबवा’ म्हणजे कोणता? चिप कुलूपबंद झाली असेल आणि दोषशोधन रजिस्टरांत विशिष्ट क्रमाने मूल्ये लिहूनच ती मोकळी होणार असेल, तर ती मूल्ये लिहायची कोठून? शिवाय स्मृती वाचताना चिपने ‘थांबा’ म्हटले की ‘दोष’ म्हटले, हे अॅडॉप्टरच्या आतच जिरून जाते आणि वापरकर्त्यापर्यंत फक्त ‘जमले नाही’ एवढे पोहोचते. कालांतराने एसटी कंपनीनेच अॅडॉप्टरमधील प्रोग्रामच्या पुढील आवृत्त्यांत दोषशोधन रजिस्टरांपर्यंत थेट पोहोचण्याच्या आज्ञा घातल्या, आणि ओपनओसीडीत त्यांच्यावर आधारलेला नवा मार्ग आला. सीमारेषा वरून एक पायरी खाली उतरली.

हे सर्व एकत्र ठेवले की ओपनओसीडीच्या आजच्या ड्रायव्हर-तक्त्याची रचना उलगडते. पूर्वी या तक्त्याचे नावच ‘जेटॅग इंटरफेस’ असे होते, जणू अॅडॉप्टर म्हणजे जेटॅगच. एसडब्ल्यूडी आल्यावर ते अपुरे पडू लागले. आता तक्त्याचे नाव ‘अॅडॉप्टर ड्रायव्हर’ असे आहे. सुरू करणे, बंद करणे, रीसेट आणि वेग ही सर्वांना समान असलेली कार्ये त्यात थेट आहेत, आणि जेटॅग व एसडब्ल्यूडी यांच्या कार्यांचे वेगवेगळे संच त्यातून निर्देशिले जातात. जो अॅडॉप्टर एकच पद्धत जाणतो तो दुसरा संच रिकामा ठेवतो. न येणारी गोष्ट येत असल्याचे सोंग करण्यापेक्षा रिकामी जागा उघडपणे दाखविणे केव्हाही बरे.

रीसेट : दुर्लक्षित कलम

कराराची कलमे लिहिताना रीसेटकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते आणि प्रयोगशाळेत सर्वाधिक वेळ तेथेच खर्ची पडतो. टीआरएसटी ही तार फक्त दोषशोधनाच्या अवस्थायंत्राला आरंभी आणते. एसआरएसटी संपूर्ण चिपला. काही मंडलांवर या दोन्ही एकमेकींना जोडलेल्या असतात, काहींवर एखादी तार नसतेच, काही चिपांमध्ये एसआरएसटी दाबून धरली की दोषशोधन यंत्रणाही झोपी जाते. तार केवळ खाली ओढायची की वरही ढकलायची, हेही मंडलाने ठरविलेले असते. मंडलावरील दुसरे एखादे साधन तीच तार खाली ओढत असताना अॅडॉप्टरने ती वर ढकलली तर दोन्ही बाजूंच्या परिपथांना इजा पोहोचू शकते.

यांतील बहुतेक गोष्टी ना अॅडॉप्टरच्या, ना चिपच्या. त्या मंडलाच्या आहेत. ओपनओसीडीने त्यांच्यासाठी ड्रायव्हरबाहेर स्वतंत्र आज्ञा ठेवली आहे आणि ड्रायव्हरच्या रीसेट-कार्याला केवळ दोन तारांची अपेक्षित स्थिती सांगितली जाते. पूर्वी रीसेट हीसुद्धा जेटॅगच्या रांगेतील एक आज्ञा होती. पण एसडब्ल्यूडी वापरताना जेटॅगची रांगच नसते, मग रीसेट द्यायचा कसा? म्हणून ती रांगेतून काढून ड्रायव्हर-तक्त्याच्या समान भागात आणली गेली. रीसेट देण्यापूर्वी रांगेत उरलेले काम पुरे करणे आता क्रमाने आवश्यक ठरते. फ्लॅशमध्ये अर्धे पान लिहून झालेले असताना रीसेट आधी पोहोचला तर त्या पानाचा भरवसा राहत नाही.

यंत्राविना चाचणी

ड्रायव्हर इंटरफेस चांगला आहे की नाही, याची एक कसोटी अशी की अॅडॉप्टर नसतानाही त्याची अंमलबजावणी करता यावी. ओपनओसीडीत ‘डमी’ नावाचा ड्रायव्हर आहे. तो कोणत्याही यंत्राशी बोलत नाही, वरच्या भागाची चाचणी मात्र त्याच्यावर करता येते. त्याहून उपयुक्त आहे ‘रिमोट बिटबँग’. हा ड्रायव्हर पिनांची भाषा नेटवर्कवरून एकेका अक्षराने पाठवितो : टीसीके, टीएमएस व टीडीआय या तीन तारांच्या आठ स्थितींसाठी 0 ते 7 हे अंक, आणि टीडीओ वाचण्यासाठी इंग्रजी आर हे अक्षर. पलीकडून 0 किंवा 1 असे उत्तर येते. हा इतका साधा संकेत आहे की पदवीच्या विद्यार्थ्याला दुसरी बाजू दोन-तीन तासिकांत लिहिता येईल. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा ‘स्पाइक’ हा अनुकारक याच संकेताने ओपनओसीडीशी जोडता येतो. म्हणजे जी चिप अद्याप घडविलेली नाही तिच्यावरही दोषशोधनाचा सराव करता येतो. ज्या प्रयोगशाळेत वीस विद्यार्थ्यांमागे दोनच अॅडॉप्टर आहेत, तेथे उरलेल्या अठरा जणांना सोळा अवस्थांचे यंत्र स्वतः लिहून त्याच ड्रायव्हरला जोडता येईल आणि टीएमएसचा प्रत्येक ठोका पडद्यावर उमटताना पाहता येईल.